हंगाम संपल्यावरची स्पर्धा

ढोकीच्या माणसाला 'ऑफ सीझन' हा शब्द कोणी समजावून सांगावा लागत नाही. ज्या गावाच्या शिवारात तेरणा सहकारी साखर कारखाना उभा आहे, त्या गावात वर्षाचे दोनच भाग पडतात. एक गळीत हंगाम आणि दुसरा ऑफ सीझन. मध्यंतरी हा कारखाना बरीच वर्षे बंद राहिला, तेव्हा गावाने बारमाही ऑफ सीझन सोसला. अलीकडच्या काळात तो भाडेतत्त्वावर पुन्हा सुरू झाला. कारखाना बंद असो की चालू, हा शब्द मात्र गावाच्या तोंडून कधी गेला नाही.

हाच शब्द मला परवा दुसऱ्याच ठिकाणी भेटला. शाळा-कॉलेजातील मुलामुलींच्या रोबोच्या, म्हणजे यंत्रमानवाच्या ज्या स्पर्धा होतात, त्यांचाही एक हंगाम असतो आणि त्यांचाही ऑफ सीझन असतो. हंगामातल्या स्पर्धांचे फोटो वर्तमानपत्रात छापून येतात. पाहुण्यांच्या हस्ते ढाल, गळ्यात पदके, मागे कापडी फलक. हंगाम संपल्यावर ज्या स्पर्धा होतात त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. परंतु आपल्यासारख्या गावातल्या मुलांना खरा उपयोग होईल तो या दुसऱ्या स्पर्धांचाच, असे माझे मत बनले आहे, आणि ते का बनले हेच आज सांगायचे आहे.

रोबो म्हटले की काही आयाबहिणींच्या डोळ्यांपुढे सिनेमातला हातपाय हलवणारा लोखंडी माणूस येतो. शाळकरी मुलांचा रोबो तसा नसतो. बहुधा ती एक वीतभर लांबीची गाडी असते. खाली दोन मोटारी, वर एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, पुढे जमिनीकडे पाहणारे दोन सेन्सर, मागे बॅटरी. संगणकावर आज्ञा लिहून त्या बोर्डात भरायच्या, की गाडी कोणी न ढकलता काळ्या पट्टीवरून चालते, वळते, वाटेतली वस्तू उचलून दुसरीकडे ठेवते. हे झाले की मुले टाळ्या पिटतात. नाही झाले की एकमेकांकडे पाहतात. खरे शिक्षण सुरू होते ते या दुसऱ्या वेळी.

या स्पर्धांचा जगातला पसारा मोठा आहे. डीन केमेन या अमेरिकन संशोधकाने १९८९ साली 'फर्स्ट' नावाची संस्था काढली, आणि १९९२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील एका हायस्कूलच्या व्यायामशाळेत तिची पहिली स्पर्धा झाली. त्या वेळी २८ संघ होते. आज जगभरातील हजारो संघ तिच्यात उतरतात. मोठ्या मुलांच्या गटात जानेवारीच्या प्रारंभी त्या वर्षीचा खेळ जाहीर होतो, मुले पुढचे काही आठवडे रात्रंदिवस खपून रोबो बांधतात, मार्चमध्ये ठिकठिकाणी सामने होतात आणि एप्रिलमध्ये अंतिम स्पर्धा. एक सामना सुमारे अडीच मिनिटांचा. दरवर्षी खेळ नवा, त्यामुळे गेल्या वर्षीचा रोबो यंदा चालत नाही. मुंबईतील काही शाळकरी संघही परदेशात जाऊन या गटात खेळून आले आहेत. मात्र तिथली नुसती प्रवेश फी सहा हजार डॉलरच्या आसपास जाते. आपल्या कोणा पालकाने ती रुपयांत करून पाहू नये, उगीच झोप उडेल.

आपल्याकडे कॉलेजच्या मुलांसाठी रोबोकॉन आहे. आशिया-पॅसिफिक देशांच्या प्रसारण संघटनेने ती २००२ साली टोकियोत सुरू केली, आणि भारतातील निवड-स्पर्धा अनेक वर्षे दूरदर्शनने भरवली. २००८ साली आंतरराष्ट्रीय रोबोकॉन पुण्यात झाली, तेव्हा खेळ ठेवला होता आपल्या दहीहंडीचा. २०१४ साली ती पुन्हा पुण्यात आली. त्या वेळचा विषय या कुटुंबाच्या पानावर सांगण्यासारखाच आहे. एक पालक रोबो आणि एक बाळ रोबो. पालकाने बाळाला सी-सॉवर बसवायचे, झोका द्यायचा, खांबांवरून चालवायचे, शिडीवर चढवायचे. पालक रोबोला माणूस चालवणार, बाळ मात्र आपले आपण हलणार. बाळाला कुठे सोडायचे हे ठरवण्यातच देशोदेशीच्या इंजिनिअर पोरांचा घाम निघाला. घरोघरच्या आईबापांचीही तीच अडचण आहे म्हणा!

असो. मुद्दा हंगामाचा आहे. या सर्व मोठ्या स्पर्धांत एक गोष्ट सारखी आहे. वर्षभर तयारी करायची आणि काही मिनिटांत निकाल लागायचा. एक तार सुटली, एक बॅटरी उतरली, की वर्ष गेले. त्यामुळे संघात जो सर्वांत हुशार, त्याच्याच हाती सारे राहते. तोच आज्ञा लिहितो, तोच रोबो चालवतो. बाकीची मुले बॅटऱ्या चार्ज करतात, तक्ते रंगवतात आणि सारखा टी-शर्ट घालून फोटोत उभी राहतात. शिक्षकांनाही दोष देता येत नाही. शाळेचे नाव पणाला लागलेले असते, मग नवख्या पोरीच्या हातात कोण देईल?

कारखान्यातही नेमके हेच घडते. गळीत हंगामात कारखाना तीन पाळ्यांत चोवीस तास चालतो. तोडलेला ऊस यार्डात पडून राहिला की वजनही घटते आणि साखरही. तेव्हा मिल थांबली की सगळ्यांचे प्राण कंठाशी येतात. बिघाड झाला तर जुना जाणता फिटर धावतो, हेल्परला बाजूला सारतो, जे करायचे ते करतो आणि मिल चालू करतो. हेल्पर नुसता पाना हातात देण्यापुरता. तो शिकतो केव्हा? ऑफ सीझनमध्ये. उन्हाळ्यात मिल उघडतात, रोलर बाहेर काढतात, झिजलेले दात पुन्हा भरतात, बॉयलरच्या नळ्या साफ करतात, रस आटवण्याच्या भांड्यांतील नळ्यांना बसलेला खर खरवडतात, केन कॅरिअरची साखळी कडी-कडीने तपासतात. मग रोलर पूजन होते, पुढे बॉयलर पेटतो, चाचणी गळीत घेतात, आणि त्यानंतर मोळी पडते. कारखान्यात उभा जन्म काढलेल्या एका फिटर काकांना मी विचारले, "काका, तुम्ही काम शिकलात कधी?" ते म्हणाले, "बाई, हंगामात काम करायचं आन् ऑफ सीझनला शिकायचं. हंगामात शिकाया बसलं तर मुकादम हाणंल की!"

अमेरिकेतील मुलांनी हे फार पूर्वी ओळखले. इंडियाना राज्यात दर जुलैत 'इंडियाना रोबोटिक्स इन्व्हिटेशनल' नावाची मोठी स्पर्धा भरते. हंगाम एप्रिलमध्येच संपलेला असतो, तेथील निकाल कोणत्याही अधिकृत क्रमवारीत धरला जात नाही, तरी नावाजलेले संघ आपले त्याच वर्षीचे रोबो घेऊन तेथे जातात. खेळाचे नियमही थोडेफार बदलून घेतात. अशा हंगामाबाहेरच्या छोट्या-मोठ्या स्पर्धा तेथे ठिकठिकाणी होतात आणि त्यातल्या पुष्कळशा संघांनी स्वतःच भरवलेल्या असतात. हंगामात ज्यांना रोबोला हात लावायला मिळाला नाही ती मुले इथे चालक होतात. कोणी चुकले तर हसण्यावारी नेतात, कारण काही बुडत नाही. वरच्या वर्गातली पोरे शाळा सोडून जाणार असतात, ती जाण्यापूर्वी आपली विद्या खालच्यांच्या हाती देतात.

एवढे वाचून कोणी म्हणेल, अमेरिकेतले अमेरिकेत. ढोकीला त्याचे काय? त्यासाठी मला एक घडलेली गोष्ट सांगितली पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका शाळेत (नाव लिहीत नाही, कारण दोष एका शाळेचा नाही) मुलांचा रोबो संघ तयार होत होता आणि मी ओळखीने तिथे जाऊन बसत असे. मला त्यातले काही कळते असे नव्हे. परंतु मुले हिशेब कसा मांडतात हे पाहायला मला आवडते. संघात सहावीतली एक मुलगी होती. जून-जुलैत ती कोपऱ्यात बसायची. ऑगस्टमध्ये मात्र एक दिवस गाडी सारखी पट्टी सोडून भरकटू लागली आणि कोणालाच कारण सापडेना. वर्गात चालायची, व्हरांड्यात आणली की भरकटायची. ही मुलगी उठली आणि गाडीवर आपल्या दप्तराची सावली धरून चालू लागली. गाडी सरळ! मग ती म्हणाली, "सर, उनाचा काय तरी गुण हाय."

आणि तसेच होते. ते सेन्सर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश खाली सोडतात. पांढरी जमीन तो परत पाठवते, काळी पट्टी शोषून घेते, त्यावरून गाडीला पट्टी कळते. परंतु सूर्यप्रकाशातही तोच अवरक्त प्रकाश भरपूर असतो. ऊन आत आले की सेन्सरला सगळेच पांढरे भासते. पुस्तकात हे होते, परंतु पुस्तक कोणी वाचले नव्हते. तिने सावलीवरून ओळखले. पुढे सेन्सरला काळ्या पुठ्ठ्याची झडप बसवली ती तिनेच. सप्टेंबरपर्यंत ती वळणाच्या आज्ञाही बदलू लागली होती. बॅटरी भरलेली असताना गाडी अर्ध्या सेकंदात जितकी वळते तितकी उतरलेल्या बॅटरीवर वळत नाही, म्हणून घड्याळावर वळवू नये, चाकाचे फेरे मोजून वळवावे, हे तिने वरच्या वर्गातल्या मुलांना सांगितले. त्यांना राग आला, पण त्यांनी ऐकले.

स्पर्धा होती जानेवारीत. दसरा झाला आणि मुलगी शाळेतून गेली. आईबाप उसाच्या तोडीला निघाले होते, टोळीसोबत, कर्नाटकाच्या बाजूला. संघाच्या यादीत तिच्या नावावर रेघ मारून दुसरे नाव लिहिले गेले. झडपेची गाडी स्पर्धेत गेली आणि तिने दुसरा क्रमांक मिळवला. फोटोत मुलगी नाही. एप्रिलमध्ये ती परत आली तेव्हा ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटात होती, आणि रोबोचे सुटे भाग एका खोक्यात. मला भेटली तेव्हा ती ढालीविषयी बोलली नाही. तिने एवढेच विचारले, "बाई, झडप काढली का व ती?"

बंधू-भगिनींनो, आता तारखा एकमेकींशेजारी मांडून पाहा. ऊसतोडीचे मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. आपल्याकडची बहुतेक विज्ञान प्रदर्शने आणि शालेय रोबो स्पर्धा दिवाळीनंतर, डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात. म्हणजे स्पर्धेचा हंगाम आणि गळीत हंगाम एकाच वेळी चालतात. बीड, धाराशिव, लातूर, अहिल्यानगर, जालना या पट्ट्यातील जी हजारो मुले पाचटाच्या कोपीत असतात, ती त्या वेळी कोणत्याही संघात असूच शकत नाहीत. कोणी त्यांना बाहेर काढलेले नाही, असे म्हणता येईल. वेळापत्रकानेच काढले.

शासनाने याला उपाय केले नाहीत असे नाही. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. मुलांनी गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे आली. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे काढण्याचा निर्णय झाला, त्यात आपला जिल्हाही आहे. ही कामे मोठी आहेत आणि ती झालीच पाहिजेत. तरी बारा वर्षांची मुलगी सहा महिने मागे ठेवायला आईचा जीव धजत नाही, हे कोणतीही आई सांगेल. त्या मुलीच्या आईला मी विचारले होते. ती म्हणाली, "बाई, लेकरू डोळ्याम्होरं असलं की कोयता चालतो." यावर मी काय उत्तर देणार? धाकट्या भावाला सांभाळायला टोळीत कोणीतरी लागते, हेही खरे होते. ते तिने सांगितले नाही, मला दिसत होते.

म्हणून मी म्हणते की आपल्या भागात स्पर्धा ऑफ सीझनमध्ये घ्यावी. वरिष्ठांनी ठरवलेल्या तारखा आपल्या हातात नाहीत. हंगामाबाहेरची स्पर्धा मात्र कोणाच्या परवानगीने होत नसते, ती आपण ठरवू तेव्हा होते.

केव्हा? मे महिन्यात घेऊ नये. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याखाली मुले बसवणे हा छळ आहे, शिवाय लग्नसराई. जून महिना वह्या-पुस्तकांत जातो. जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट हे महिने उत्तम. शाळा चालू असते, शिक्षक जागेवर असतात, टोळ्या गावात असतात. आणि आणखी एक गोष्ट, जी मला फिटर काकांशी बोलताना सुचली. याच महिन्यांत कारखान्याचे हंगामी कामगारही घरी असतात. अनेकांना या काळात फक्त राखीव भत्ता मिळतो आणि वेळ भरपूर असतो. वेल्डर, टर्नर, वायरमन, फिटर. शहरातल्या शाळा ज्याला 'मेंटर' म्हणतात आणि ज्याच्यासाठी तासाला पैसे मोजतात, तो माणूस ढोकीत पारावर बसून असतो. त्याला आज्ञावली येत नसेल, परंतु धुरा वाकडा आहे की चाक, हे तो आवाजावरून सांगेल.

दुसरा प्रश्न पैशांचा. २०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि तेथे सहावी ते बारावीची मुले अशी कामे करतात. २०१८ साली आपला जिल्हा देशातील आकांक्षित जिल्ह्यांत धरला गेला. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५०,००० लॅब उघडण्याची घोषणा झाली. तेव्हा आपल्या शाळेने अर्ज केला आहे का, हे पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारलेच पाहिजे. आणि लॅब असलेली शाळा जवळपास असेल तर ती किती दिवस कुलूपबंद असते, हेही विचारावे. स्पर्धा झाली, पाहुणे गेले, की पुढच्या वर्षापर्यंत कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे, असे पुष्कळ ठिकाणी चालते. ऑफ सीझन स्पर्धेचा एक मोठा फायदा हाच की कपाट मध्येच उघडावे लागते.

लॅब नसली तरी अडून बसण्याचे कारण नाही. परदेशी कंपन्यांचे तयार संच हजारोंच्या घरात जातात हे खरे. परंतु पट्टीवर चालणारी साधी गाडी बाजारातल्या सुट्या भागांतून हजार-दीड हजार रुपयांत उभी राहते. जो आर्डुइनो बोर्ड तिच्यात वापरतात तो २००५ च्या सुमारास इटलीत, विद्यार्थ्यांना परवडावा याच हेतूने तयार झाला, आणि त्याची रचना सर्वांसाठी खुली ठेवल्यामुळे आज तसे बोर्ड स्वस्तात मिळतात. मुंबईच्या आयआयटीचा 'ई-यंत्र' हा उपक्रम तर कॉलेजच्या निवडलेल्या संघांना रोबो विनामूल्य पाठवत आला आहे. ज्यांची मुले इंजिनिअरिंगला आहेत त्यांनी त्याची चौकशी जरूर करावी. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली खेड्यातील मुले तेथे वेल्डिंग, सुतारकाम, वीज शिकली, आणि त्याच खेड्यात २००२ साली अमेरिकेच्या एमआयटीच्या साहाय्याने संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा उभी राहिली. देशातल्या मोठमोठ्या शहरांना ती गोष्ट पुढे कितीतरी वर्षांनी मिळाली. तेव्हा खेड्याला हे झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा पाबळ पाहून यावे.

आता काही पालक विचारतील, आणि विचारावेच, की या स्पर्धेचे प्रमाणपत्र पुढे कोठे चालेल का? नाही चालणार. गुण वाढणार नाहीत, आरक्षित जागेवर किंवा खुल्या जागेवर प्रवेश मिळताना ते कोणी पाहणार नाही. हे मी आधीच स्पष्ट सांगते, नाहीतर उद्या मलाच बोल लावाल. पोरीने रोबोत वेळ घालवला आणि गणित राहिले, तर माझाही त्याला विरोध आहे. परंतु आपली मुले आयटीआय, पॉलिटेक्निक, धाराशिवच्या किंवा लातूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जातात तेव्हा पहिल्या वर्षी काय होते ते आठवा. शेजारच्या शहरी मुलाने सोल्डरिंगची कावी लहानपणीच हाताळलेली असते. आपला मुलगा गुणांनी कमी नसतो, पण यंत्राला हात लावताना त्याचा हात आखडतो. बिघडले तर? भरपाई मागितली तर? घरात एकच रेडिओ असलेल्या माणसाची ही भीती आहे आणि ती एका दिवसात जात नाही. जेथे बिघडले तर काहीच बुडत नाही, अशा ठिकाणी चार-सहा वेळा बिघडवावे लागते. हंगामातल्या स्पर्धेत ही मुभा कोणाला परवडत नाही.

मात्र एक भीती मलाही आहे. चांगल्या गोष्टीचा बाजार व्हायला वेळ लागत नाही. ऑफ सीझन स्पर्धा म्हणून कोणी खासगी क्लासवाला आपला फलक लावील, प्रवेश फी ठेवील, तीन फूट उंचीची ढाल आणील, आणि मग तीच रेस पुन्हा सुरू. त्यापेक्षा स्पर्धा न झालेली बरी. फी ठेवू नये. शाळांचे संघ शाळेशाळेने लढवू नयेत, चिठ्ठ्या टाकून मिसळावेत, म्हणजे तेरचा मुलगा आणि ढोकीची मुलगी एका गाडीवर काम करतील. ज्याने हंगामात गाडी चालवली त्याने इथे चालवायची नाही, त्याने दुसऱ्याला शिकवायचे. आणि दुपारी मध्येच एकदा गाड्यांची अदलाबदल करावी. दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञा वाचून त्यातली चूक शोधणे, हे काम मोठ्या कंपन्यांतील इंजिनिअरांना आयुष्यभर करावे लागते. आपल्या मुलांना ते कोणी शिकवत नाही.

बक्षिसे? कंपास पेट्या द्याव्यात. किंवा सेलची जोडी. मुलांना ढालीपेक्षा बॅटरी अधिक आवडते असा माझा अनुभव आहे.

आम्ही काही जणांनी या ऑगस्टसाठी बोलणी सुरू केली आहे. समाजमंदिराचा हॉल एका रविवारी मिळतो आहे. खिडक्यांतून ऊन येते, पण ते तसेच ठेवायचे ठरले आहे. पडदे लावायचे नाहीत. सुतारकाका आठ बाय चारचा प्लायवूड देतो म्हणाले आहेत, फक्त परत न्यायच्या बोलीवर, आणि त्यावर खिळा मारायचा नाही. फिटर काका येणार आहेत. दोन शाळांच्या मुख्याध्यापकांनी होकार दिला, तिसऱ्या शाळेत मी सोमवारी जाणार आहे. दुपारच्या जेवणाला घरटी चार भाकरी आणि झुणका असे बायकांनी आपसात वाटून घेतले.

ती मुलगी आता आठवीत आहे. तिच्या वडिलांनी यंदाही मुकादमाकडून उचल घेतली आहे, म्हणजे दसऱ्यानंतर ते जाणार. परवा ती आईबरोबर बाजारात भेटली. मी तिला रविवारची तारीख सांगितली तेव्हा तिने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "जाईल की. तवा आम्ही हितंच हावं." मग मुलीने मला विचारले, गाडी जुनीच आहे का नवी बांधायची. मी म्हटले, खोक्यातले सुटे भाग आहेत, तूच बघ. मोटारी दोन्ही चालू आहेत, एका चाकाचे रबर गेले आहे, आणि बॅटरी कोणाकडे जास्तीची असेल तर कळवावी.